तीन वर्षं मुलींच्या हॉस्टेलवर राहिले, माझ्याकडून ५ पैकी २ स्टार

यंदा बीएस्सी झाली, खोली सोडली, सामान गावाकडं आलं, आता निवांत बसून लिहायलेय. छत्रपती संभाजीनगरातल्या एका सायन्स कॉलेजचं मुलींचं हॉस्टेल, कॉलेजच्या आवारातच. नाव टाकत नाही, एक तर माझ्या ज्युनियर पोरी अजून तिथंच राहतात आणि माझं डिपॉझिटपण तिथंच अडकलंय. पण दरवर्षी जून-जुलैत लातूर, नांदेड, परभणी, हिंगोलीकडनं पोरी आईवडलांना घेऊन, हातात फाईल धरून हॉस्टेल बघत फिरतात, त्यांना आतलं कुणीतरी सांगायला पाहिजे. मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या आण्णांनी खिडकीला जाळी आहे का बघितलं, गेटवर वॉचमन आहे का बघितलं, पैसे भरले आणि रात्रीच्या गाडीनं औशाला परत गेले.

फी आधी सांगते म्हणजे हिशोब लागेल. २०२२ ला मी आले तेव्हा वर्षाचे २२ हजार हॉस्टेलचे, मेसचे महिन्याला २८००, डिपॉझिट ५ हजार. शेवटच्या वर्षी हॉस्टेल २६ हजार झालं, मेस ३२०० झाली. एका खोलीत तिघी, तीन लोखंडी कॉट, तीन कपाटं, त्यातल्या एकाला कडी नाही.

चांगलं काय आहे तेही लिहिते, ते लपवायचं कारण नाही. कॉलेज चालत तीन मिनिटावर. रॅगिंग नाही, तीन वर्षांत एकदाही बघितली नाही. पोर्चमध्ये अँटी-रॅगिंग हेल्पलाईनचा बोर्ड आहे, १८००-१८०-५५२२, हा नंबर चोवीस तास चालू असतो, तुम्ही कुठल्याही हॉस्टेलला जा, पहिल्या दिवशी मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. सफाईच्या मावशी म्हणजे सोन्यासारखं माणूस, ताप आला तर कपाळावर घडी ठेवायला त्याच यायच्या. आणि अभ्यास होतो, परीक्षेच्या दिवसांत रात्री दोनला पण कॉरिडॉरमध्ये पाच-सात जणी पुस्तक घेऊन बसलेल्या दिसतात, एकीला अडलं की दुसरी सांगते. २ स्टार दिलेत ते याच्यासाठी.

आता बाकीचे तीन का नाहीत ते.

रेक्टर मॅडमच्या केबिनबाहेर खिळ्याला सुतळीनं बांधलेली एक लांब वही आहे. तक्रार वही. तारीख, रूम नंबर, तक्रार, सही आणि शेवटी एक कॉलम, 'कार्यवाही'. मी आले त्या आठवड्यात पहिली तक्रार लिहिली, दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममधला मधला नळ बंद होत नाही, रात्रभर पाणी वाहून जातं. पंधरा-वीस दिवस गेले, काही नाही. मग एकदा आऊट पासवर सही घ्यायला केबिनबाहेर थांबले होते, मॅडम फोनवर होत्या, तर सहज वहीची मागची पानं चाळली. जुलै २०१९, दुसरा मजला, मधला नळ गळतो. त्याच्यापुढं दोन महिन्यांनी परत तोच नळ. मग मध्ये कोरोनात हॉस्टेल बंद होतं, ती पानं सोडून २०२१ च्या शेवटी परत, 'दुसरा मजला बाथरूम नळ, तिसऱ्यांदा लिहीत आहे'. अक्षर वेगवेगळ्या पोरींचं, त्या पोरी पास होऊन कुठं कुठं निघून गेल्या असतील, नळ तोच. आणि कार्यवाहीच्या कॉलममध्ये सगळीकडं एकच, 'सांगितले आहे'. कुणाला सांगितलं, कवा सांगितलं, काही नाही. मला त्या दिवशी लै वाईट वाटलं, म्हणजे आपण इथं तीन वर्षं राहणार आणि आपलं बोलणं असं वहीत पडून राहणार. तेव्हापासून मी या हॉस्टेलचं मोजमाप एकाच गोष्टीवरनं करते, तक्रार लिहिल्यापासून ती सुटेपर्यंत किती दिवस लागले.

पाण्याचं सांगते. संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही हे इथं राहणाऱ्या सगळ्यांना माहितीय, जायकवाडी धरण तिकडं पैठणला, तिथून पाईपलाईननं येतं, मध्ये कुठं लाईन फुटली की दिवस अजून वाढतात. त्यात हॉस्टेलचा काही दोष नाही. आणि टंचाईची सवय मला नाही असं तर कुणी म्हणूच नये, मी लातूर जिल्ह्यातली पोरगी आहे, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत १० वाघिणी होत्या, तेव्हा मी शाळेत होते आणि आमच्या घरी अंघोळीचं पाणी परातीत साठवून तेच झाडाला टाकायचे. पाणी कमी आहे म्हणून मी कधी भांडले नाही. भांडले ते पाणी असताना न मिळण्यावरनं. २०२४ च्या सप्टेंबरात नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरला, दरवाजे उघडले, आम्ही खोलीत बसून मोबाईलवर त्याचे व्हिडिओ बघायलो होतो आणि त्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावर बादलीभर पाणी नव्हतं. हॉस्टेलच्या हौदात पाणी होतं, मी स्वतः झाकण उचलून बघितलं, पण वर चढवायची मोटर जळाली होती. मोटर दुरुस्त व्हायला चार दिवस. चार दिवस साठ-सत्तर पोरी खालच्या हौदातनं बादल्या भरून दोन मजले चढल्या, त्यात कुणाची पाळी चालू, कुणाला ताप. मावशी म्हणायच्या, "बाई, मी तर रोज सांगायलेय ऑफिसात, मोटरवाला येतो म्हणतेत, येईना गेलाय, मी काय करू सांग." त्यांचा काय इलाज.

एरवी पाणी सकाळी साडेपाच ते सात आणि संध्याकाळी अर्धा तास. म्हणजे पाच वाजल्यापासून बाथरूमपुढं बादल्यांची रांग, प्रत्येक बादलीवर नेलपॉलिशनं नाव लिहिलेलं, कारण बादली जागा धरते आणि पोरगी परत जाऊन दहा मिनिटं झोपते. ते पण बोअरचं पाणी. साबणाला फेस येत नाही, दह्यासारखं चिकट होऊन अंगाला बसतं, बादलीच्या आत पांढरा थर, दोन महिन्यांत हीटरच्या कॉईलवर चुन्यासारखी पापडी, आणि केस धुतले की झाडूसारखे. दुसऱ्या सेमिस्टरला आम्हाला पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात क्षार किती ते मोजायचं प्रॅक्टिकल होतं, ईडीटीए नावाच्या रसायनानं. सरांना विचारून मी सॅम्पल म्हणून हॉस्टेलच्या बाथरूमचं पाणी नेलं. ५० मिली पाणी, बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी टाकला की दारूसारखा लाल रंग येतो आणि ईडीटीए थेंब थेंब सोडत गेलं की शेवटी निळा होतो. बाकीच्या पोरींचं पाचसहा मिलीत निळं झालं, माझं होईचना, बघता बघता २८ मिली गेलं. ०.०१ मोलरचं सोल्युशन होतं, म्हणजे लिटरमागं ५६० मिलिग्रॅम जडपणा. प्यायच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत. म्हणजे अगदी काठावर. मी तो आकडा, तारीख, सगळं नीट तक्रार वहीत लिहिलं, खाली लिहिलं की निदान प्यायच्या आरओ मशीनचं फिल्टर बदला, कारण त्याच्यावरच्या स्टिकरवर शेवटच्या सर्व्हिसची तारीख दीड वर्षापूर्वीची होती. मॅडमनी मला बोलावून सांगितलं, वहीत प्रयोग लिहायचे नसतात. कार्यवाहीत काय लिहिलं? सांगितले आहे. फिल्टर सात महिन्यांनी बदललं, ते पण एका पोरीचे वडील येऊन ऑफिसात मोठ्यानं बोलले तेव्हा.

ढेकणांचं लिहू का नको असं वाटत होतं, कारण लोक म्हणतात पोरीच घाण राहत असतील. लिहितेच. ढेकूण घाणीनं होत नाही, तो गाद्यांतनं, बॅगांतनं, जुन्या फर्निचरमधनं येतो आणि साफ खोलीत पण तसाच राहतो. माझी रूममेट किनवटची. ऑगस्टमध्ये तिच्या दंडावर एका ओळीत तीन-चार लाल गांधी उठायच्या, आम्हाला वाटलं ॲलर्जी, डॉक्टरनं मलम दिलं, दीडशे रुपये गेले. मग एका रात्री दोन वाजता ती उठून बसली, मी मोबाईलची बॅटरी लावली, कॉटच्या पाईपला जिथं पट्टी वेल्डिंग केलीय तिथं फटीत बघितलं तर काळे ठिपके आणि आत एकाला एक चिकटून बसलेले, मसुराच्या डाळीएवढे. एक चिरडला तर बोटावर रक्त, तिचंच. ती त्या रात्री खुर्चीवर बसून झोपली, दुसऱ्या दिवशी तिचा इंटर्नल पेपर होता.

तक्रार लिहिली. एकवीस दिवसांनी फवारणीवाला आला, वर्षात एकदाच. आणि फक्त आमच्या खोलीत मारली, शेजारच्या दोन खोल्या सोडून. मी मॅडमना सांगितलं की अंड्यांवर औषध चालत नाही, आठ-दहा दिवसांत अंडी फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी परत मारावं लागतं आणि शेजारच्या खोल्या एकत्र घ्याव्या लागतात, नाही तर ते भिंतीच्या फटीतनं परत येतात. त्या म्हणाल्या, "तुम्ही पोरी ना, घरी काय एसीत राहता का? ॲडजस्ट करायला शिका." आमच्या घरी एसी नाही, पण ढेकूण पण नाहीत. शेवटी आम्हीच केलं, रविवारी मेसमधनं पातेलंभर उकळतं पाणी मागून आणलं आणि कॉटच्या एकेका सांध्यात ओतलं, चार रविवार. गाद्या उन्हात टाकायला गच्चीची चावी मागितली तर गच्चीवर मुलींना परवानगी नाही. मे महिन्यात इथं बेचाळीसचं ऊन पडतं, त्या गच्चीवर दोन दिवस गाद्या पडल्या असत्या तर निम्मं काम फुकटात झालं असतं. सुट्टीत हॉस्टेल रिकामं असतं तेव्हा मरतील म्हणाल तर तसं पण नाही, ढेकूण न खाता कित्येक महिने राहतो, आम्ही जुलैत परत आलो तर ते वाटच बघत होते. नवीन येणाऱ्यांनी एवढं करा, खोली मिळाली की सामान ठेवायच्या आधी गादी उभी करून शिवण बघा आणि कॉटच्या पाईपच्या फटीत टॉर्च मारा, काळे ठिपके दिसले की तिथल्या तिथं खोली बदलून मागा.

मेसचं जास्त लिहीत नाही, सगळीकडं तेच असतं. वरण पातळ, पोळी थंड, भाकरी आठवड्यातनं एकदा. माझा राग वेगळा आहे, चार दिवस गावाला गेलं तरी पैसे कटत नाहीत, सलग सात दिवस बाहेर असाल आणि तीन दिवस आधी लिहून दिलं असेल तरच सूट. शनिवार-रविवार घरी जाणाऱ्या पोरींचं महिन्याचं आठ दिवसाचं जेवण असंच जातं. आणि खोलीत केटलीसुद्धा चालत नाही, सापडली की जप्त.

गेटचं मात्र सविस्तर लिहिते.

गेट बंद व्हायची वेळ साडेसात. कॉलेजची लायब्ररी रात्री नऊपर्यंत चालू असते, मुलांचं हॉस्टेल पलीकडंच आहे, तिथं वेळ दहा आणि दहानंतर पण वॉचमनला हाक मारली की उघडतो. म्हणजे त्याच फीच्या लायब्ररीत मुलं नऊपर्यंत बसतात आणि आम्ही सातला पुस्तक मिटवून निघायचं. हे पण वहीत लिहिलंय, माझ्या आधी पण बऱ्याच जणींनी लिहिलंय.

२०२४ ची येळवस ३० डिसेंबरला होती, सोमवारी. आमच्याकडं लातूर, धाराशिवला वेळ अमावस्या म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी, सगळं गाव रानात, कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे, खीर, शेजारच्या रानातल्या माणसाला पण बोलावून जेवायला घालायचं. इकडं संभाजीनगरात त्याची सुट्टी नसते, इथल्या लोकांना ते माहिती पण नसतं. मी दोन वर्षं गेले नव्हते, आजी म्हणाली यंदा ये माय, माझं काही खरं नाही. म्हणून अर्ज दिला, सही घेतली, गेले. परत ३१ ला निघाले, दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. सकाळी साडेदहाची लातूरची गाडी, अंबाजोगाई, केज, बीड, गेवराई असं करत साडेपाच-सहाला पोहोचायला पाहिजे. पाचोडच्या पुढं टायर गेलं. स्टेपनी पण खराब. कंडक्टरनं आम्हाला मागनं येणाऱ्या गाड्यांत थोडं थोडं करून बसवून दिलं, मला तिसऱ्या गाडीत जागा मिळाली, उभं राहून. रस्त्यात वॉचमन काकांना आणि मॅडमना दोघांना फोन केला, काकांनी उचलला, मॅडमनी नाही, मी व्हॉट्सॲपवर लिहून ठेवलं की बस पंक्चर झालीय, उशीर होईल. बसस्टँडवर पोहोचले आठला दहा कमी, रिक्षा करून गेटवर सव्वाआठ.

गेटला कुलूप. काका आतनं म्हणाले, "पोरी, चावी मॅडमकडं आहे, आज थर्टी फर्स्ट आहे म्हणून त्यांनी स्वतःकडं घेतलीय." मी बाहेर रस्त्यावर, एका हाताला बॅग, दुसऱ्या हाताला पाच लिटरचं कॅन, त्यात रूममेटींसाठी आणलेली आंबील. थंडी. समोरनं गाड्यांवरनं पोरं ओरडत चाललेली, थर्टी फर्स्टचं. चाळीस मिनिटं उभी होते. जो नियम मुलींच्या सुरक्षिततेसाठी आहे म्हणून सांगतात त्याच नियमानं मला त्या रात्री रस्त्यावर ठेवलं, हे मी कधी विसरणार नाही. आण्णांना फोन लावला तर ते तिकडनं नुसतं विचारायलेत, "उघडलं का गं, उघडलं का," त्यांचा आवाज मला ऐकवेना.

मॅडम आल्या आणि पहिला प्रश्न काय, "कुठं होतीस पार्टीला?" मी एसटीचं तिकीट दाखवलं, लातूर ते संभाजीनगर, महिला अर्धं तिकीट, त्याच्यावर तारीख, वेळ सगळं छापलेलं असतं. त्यांनी ते हातात घेऊन बघितलं पण नाही. कॅनचं झाकण उघडायला लावलं, वास घेतला. ताकातली आंबील होती, माझ्या आजीनं केलेली. मग केबिनमध्ये बसवून माफीनामा लिहून घेतला, 'मी उशिरा आले, पुन्हा असे करणार नाही'. मी लिहिलं, खाली एक ओळ वाढवली की बसचं टायर फुटल्यामुळे उशीर झाला. त्यांनी ती ओळ खोडायला लावली. दहा वाजता खोलीत गेले, रूममेटींनी माझ्यासाठी पोळ्या झाकून ठेवल्या होत्या, तिघींनी मिळून ग्लासात आंबील घेतली, किनवटची म्हणाली आंबट लै छान झालीय, आणि मग मला रडू आलं.

मॅडमना माझ्याशी वैर नव्हतं, हे मला माहितीय. सव्वाशे पोरींची जबाबदारी एका बाईवर, त्या स्वतः दिवसा कॉलेजात शिकवतात, रात्री हॉस्टेल बघतात, कुणाला काही झालं तर पेपरात त्यांचं नाव येणार. संस्थेनं दुसरं माणूस दिलेलं नाही. पण म्हणून तिकीट न बघणं बरोबर होत नाही.

अजून एक गोष्ट, ज्या पोरी योजनेच्या पैशावर शिकतात त्यांच्यासाठी. माझी दुसरी रूममेट स्वाधार योजनेतली होती, म्हणजे अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर जेवण, राहणं, निर्वाह यासाठी सरकार थेट खात्यात पैसे देतं, २०१६-१७ पासून आहे ही योजना. पैसे हप्त्यानं आणि उशिरा येतात. हॉस्टेलचं ऑफिस मात्र थांबत नाही, परीक्षेच्या आधी नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असा कागद, मागतं, आणि योजनेला लागणारा राहण्याचा दाखला मागायला गेलं की आठ दिवस क्लार्क जागेवर नसतो. तिनं एकदा गावात सावकाराकडनं पैसे आणून फी भरली, नंतर पैसे जमा झाले, तोपर्यंतचं व्याज तिच्या आईनं सोयाबीन काढायला जाऊन फेडलं. तेव्हा ॲडमिशन घेतानाच विचारा की योजनेचे पैसे यायच्या आत फीसाठी मुदत देता का, आणि देतो म्हणाले तर अर्जावर लिहून सही घ्या. दाखल्याच्या चार-पाच प्रती पहिल्याच महिन्यात मागून ठेवा.

आणि बघायला जाल तेव्हा खोली सगळ्यात शेवटी बघा. आधी बाथरूममध्ये जाऊन तीनही नळ उघडून बंद करून बघा. आरओवरचं स्टिकर बघा. लायब्ररीची वेळ आणि गेटची वेळ दोन्ही विचारा. आणि रेक्टर केबिनबाहेर वही लटकलेली असली तर आईला बोलत ठेवून दोन मिनिटं तिची मागची पानं चाळा, शेवटचा कॉलम वाचा. तिथं तारीख आणि 'दुरुस्त केले' असं लिहिलेलं दिसलं तर घ्या ते हॉस्टेल, खोली लहान असली तरी घ्या.

मी मे महिन्यात खोली सोडली, चावी दिली, कॉट-कपाट मोजून दिलं, नो ड्यूजवर पाच सह्या घेतल्या. डिपॉझिटचे ५ हजार पंधरा दिवसांत खात्यावर येतील म्हणाले. निघताना मी शेवटचं वहीत लिहिलं, डिपॉझिट बाकी, माझा खाते क्रमांक ऑफिसकडं आहे. आणि मधला नळ उघडून बघितला, गळतोच आहे. परवा एका ज्युनियरला वही बघायला सांगितली, तिनं फोटो पाठवला. माझ्या ओळीपुढं लिहिलंय, 'सांगितले आहे'. पैसे आले की इथंच खाली लिहीन.